सहावा रकाना

जाहिरात नाही दिली. आसोलीच्या बसच्या ड्रायव्हरच्या
कानावर घातलं फक्त: सोलणीक चार बायलमाणसां होयी.
सोमवारी सकाळी फॅक्टरीच्या गेटाशी एकोणीस जणी.

वारंग शेठ म्हणाले, "वैजू, तूच निवड. तुका कळता."
माझ्या नावापुढे सुपरवायझर लागून
तेव्हा सव्वीस दिवस झाले होते.
त्याआधी बारा वर्षं मी तिसऱ्या टेबलाची,
खिडकीकडची.

शिक्षण कोणाला विचारलं नाही.
म्हटलं, हात दाखवा.
"भविष्य सांगतलंस काय गे?" म्हणून एक हसली.
तिलाच पहिली घेतली. आठ तास काजूची साल काढायची तर
टेबलावर हसणारं माणूस एक तरी लागतं.
एकीने पगाराच्या आधी विचारलं, पाणी कुठे मिळतं.
एक आपला नंबर सोडून
मागच्या म्हातारीला सावलीत नेत होती, तीही घेतली.
चौथी का घेतली ते आता आठवत नाही.

म्हातारीला नाही घेतलं.
ती काही बोलली नाही,
पिशवीतून वर आलेला डबा
तेवढा हाताने परत खाली दाबला.
तो डबा मी त्या रात्री घरी घेऊन गेले.

शनिवारी वजन.
अख्खा, पाकळी, तुकडा, कणी:
काजूची प्रत लावायला आमच्याकडे चाळण्या आहेत,
माणसांची लावायला रजिस्टर.
रजिस्टरात दुर्पा गिरप पाच आठवडे सलग तळाला.
बाकीच्या आठ किलो, साडेआठ. ती साडेपाच.
शेठनी तिच्या नावाखाली लाल रेघ मारली.
माणूस वाईट नाही,
चतुर्थीच्या आधी पगार करतो, आजारपणात उचल देतो.
रेघ मात्र पट्टी लावून मारतो.

मी म्हटलं, आठ दिवस द्या.
शहाणपण नव्हतं त्यात.
मी नवी होते तेव्हा टरफलाच्या तेलाने
बोटं सोलून निघाली होती,
आणि खोबरेलाची वाटी माझ्याकडे सरकवणारा हात
दुर्पाचा होता. त्या हाताला घरी कसं पाठवणार?
म्हणून तिला पॅकिंगला हलवलं,
डोळ्यांआड.

मंगळवारी तिसरं टेबल गप्प.
बुधवारी पाकळी वाढली.
अख्खा काजू दोनच गोष्टींनी मोडतो,
घाईने नाहीतर रागाने.
गुरुवारी हसणारी आलीच नाही.
शनिवारी सगळ्या टेबलाचं मिळून
वजन एकवीस किलोंनी खाली.

मग हळूहळू कळत गेलं. चिकट सालीचे,
कोणाला नको असलेले काजू
दुर्पा दिवसभर आपल्या सुपात ओढायची.
बोथट सुऱ्या जेवणाच्या सुट्टीत घासायची.
फिलोमिनाचं मनगट सुजलं की
तिचं अर्धं काम हिच्या पुढ्यात,
वजन मात्र फिलोमिनाच्या नावावर.
"सांगितलंस का नाय?" मी विचारलं.
"त्येच्यात काय सांगूचा?"

शेठना दोन्ही शनिवारांचे आकडे दाखवले.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"मगे ह्यां लिवूचा खंय?"
नाव, हजेरी, वजन, उचल, सही.
पाच रकाने. सहाव्याला पानावर जागा नाही.
त्यांचं चुकलं असं मलाही म्हणता आलं नाही.

दुर्पा परत तिसऱ्या टेबलावर. साडेपाच किलो.
लाल रेघ आहे तिथेच आहे.

चार वाजता चहा येतो.
मी जवळ गेले की टेबल जरा हळू बोलतं.
बारा वर्षं मीही असंच हळू बोलायचे,
म्हणून ठाऊक आहे, राग नसतो तो.
कप घेऊन मी काट्याशी उभी राहते,
काहीतरी मोजत असल्यासारखी.

आज दुर्पाने, मान वर न करता,
बाकावर वीतभर सरकून घेतलं.

बसले नाही मी.
पण चहा संपेपर्यंत
ती जागा कोणी भरली नाही.