रीती भूतकाळ

पान दोनशे बारा. नील्त्ये पाचव्यांदा मरते.
मी लाल पेन्सिलीला टोक काढते.

प्रत्येक प्रकरण एकाच वाक्याने उघडतं:
'मे महिना, मंगळवार, आणि दूध उतू गेलं.'
पहिल्या खेपेला ती दूध पुसायला थांबते
आणि छत खाली येतं.
दुसऱ्या खेपेला थांबत नाही, रस्त्यात सापडते.
तिसऱ्यांदा तळघर, तिथे धूर.
चौथ्यांदा ती हार्लेमला असते, वाचते,
आणि चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात
ट्युलिपचे कंद सोलता सोलता उपाशी जाते.

लेखिका हुशार आहे. दूध
दर जन्मात जरासं आधी उतू जातं,
कुणाला काहीतरी ओझरतं आठवावं तसं.
समासात लिहिलं: छान. मग खोडलं.
छान म्हणायचे मला पैसे मिळत नाहीत.

एक चूक मात्र सापडली. दुधाचं पातेलं
दुसऱ्या जन्मात निळं, पाचव्यात हिरवं.
फोन केला.
'चूक नाही, मेफ्राऊ तेर्पस्त्रा,' ती म्हणाली,
'तिच्या हातात तेवढंच बदलणं आहे.'

आमच्या घरात आख्ये होती, आईची धाकटी बहीण.
रॉटरडॅम, क्रालिंगेन. तोच मंगळवार.
शेजारणीची कात्री परत द्यायला गेली होती.
संपली गोष्ट. एकच मसुदा.
आई पन्नास वर्षं त्यात दुरुस्त्या करत राहिली.
कात्री बुधवारी दिली असती तर.
शेजारीण घरी नसती तर.
मीच तिला मोजे रफू करायला बसवलं असतं तर.
प्रत्येक 'तर'नंतर ती बशी पुसायची,
पुसलेलीच.

पान दोनशे चाळीसवर एक वाक्य आहे:
'मंगळवारी नील्त्ये मरत असे.'
नियमाने त्याखाली रेघ हवी.
येणं, जाणं, भांडणं, केस विंचरणं,
यांना शोभतो हा काळ. मरण्याला कसा चालेल?
पेन्सिल टेकवली,
आणि नळापाशी आई दिसली,
पाठमोरी, हातात बशी,
जिची बहीण दर मंगळवारी
मरत असे.

रेघ ओढली नाही.
पुढच्या पानावर, ती दाराबाहेर पडते
त्याच्या जरा आधी,
एक स्वल्पविराम जास्तीचा पडला होता.
तोही राहू दिला.
तेवढी थांबेल.