गुंड

वैनगंगेकाठच्या चौकीत भिंतीवर नकाशा,
घरफोडीमागं एक लाल टाचणी.
माघात टाचण्या दाटतात.
साहेब म्हणाले, टोळी आहे.
दरवर्षीसारखा पालावरून सुरमल पवार उचलला.

मी रायटर. पंचनामे माझ्याच अक्षरात:
कुलूप तोडलेले. पितळी गुंड एक.
घरमालक खम्ममला, मिरची तोडायला.
घरमालक खम्ममला.
घरमालक खम्ममला.
टाचण्यांना दोरा लावून पाहिला,
टोळी नाही,
मजुरांच्या गाडीचा रस्ता निघाला.

चैत्रात शेवंता मडावी परतली.
मिरचीनं सोललेला अंगठा
शाईच्या पॅडवर टेकवताना चरकली.
"गुंड सापडला का जी?"
एक धरलाय, म्हणालो.
ती गजांआड पाहत राहिली.
"मी भांड्याचं इचारलं.
अन् याच्या पालाले तं
कुलूपबी नसन."