सल

दारव्ह्याच्या एस.टी.तून आधी दोन बॅगा उतरल्या,
मग एक लांब वेणी, मग ती.
सासूबाईंपुढं हात हलवून म्हणाली, "ओला!"
माघ महिना. अंगण कोरडं ठाक.
सासूबाईंनी आभाळाकडं पाह्यलं, मग माझ्याकडं.
"कोन ओला वं?"

इत्सेल तिचं नाव. मेक्सिकोची.
देशी कापसाचं बी अजून कोणाच्या मडक्यात आहे
ते लिहून घ्यायला आलेली,
आणि भाषा शिकायला. आमच्या घरी, सहा महिने.
येताना पुस्तकातली मराठी आणली होती,
इस्तरीची, घडी न मोडलेली:
"मला किंचित पाणी मिळू शकेल काय?"
सासूबाई माझ्या कानात,
"थे पोट्टी रागावली काय?"

लसणाच्या गड्ड्या पुढ्यात टाकून म्हटलं, सोल.
तिनं सरळ वर बोट केलं.
तिच्याकडं सोल म्हणजे सूर्य.
मग दुपारभर आम्ही दोघी
सांदवाडीत बसून
त्याचीच सालं काढली.

तिच्या वहीत चुकांचा एक वेगळा रकाना होता,
हिरव्या शाईचा.
चूक झाली की ती खूश.
दूधवाला थांबायचा, अंगणवाडीची बाई थांबायची,
पऱ्हाटीला ती एकदा पोराटी म्हणाली
तर गावभर कौतुक:
किती गोड बोलते बाप्पा!

मी चुलीपाशी. ऐकत.

एकोणीस वर्षांआधी याच थांब्यावर मीही उतरले होते,
सिरोंच्याहून, तोंडात तेलुगू घेऊन.
नाव इथं मिळालं, ताटातल्या तांदळात
अंगठीनं लिहिलेलं: वंदना.
तोवर मी समक्का होते.
तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, सांबार आण.
मी आमटीचं पातेलं शोधत राह्यले
या फडताळातून त्या फडताळात,
आणि कोथिंबिरीची जुडी हातात धरून
सारं घर हसलं.
ते हसू त्यांना पाच वर्षं पुरलं. पाहुणा आला की काढायचे.
मी पहिलं वरीस बोललेच नाही.
लोक म्हणाले, सून गुणाची आहे.

चैतात एका रात्री वरण अळणी झालं.
इत्सेल म्हणाली, "सल."
माझा हात थबकला. काय?
तिनं चिमटीतून हवा भुरभुरवली.
मीठ. त्यांच्यात मिठाला सल म्हणतात.
मी आमचा सल सांगायला गेले:
काटा काढल्यावरही आत राहतो तो.
दिसत नाही. पाय टेकला की कळतो.
तिनं लिहिलं. टोपण लावलं नाही पेनाला.
"आणि तुझ्या भाषेत मीठ?"
मीठच की.
"नाही. तुझ्या आईच्या."

बाजेची करकर झाली. सासूबाई उठून बसल्या असाव्यात.
वरणाला उगाच डाव फिरवत मी म्हटलं,
उप्पु.
मिठाच्या डब्याला तेवढं ऐकू गेलं असेल.
"उपु," इत्सेल म्हणाली.
दोन प आहेत, मी म्हटलं. ओठ दाबून धर.
धर अजून.
आता सोड.

त्या रात्री पाण्याचं विचारलं तिनं, घराचं, धाकट्या बहिणीचं.
एक शब्द मला आठवेना.
चाळणीला काय म्हणायची आई?
सकाळी झाडताना आठवला, तर ती शेतावर गेलेली.
मी तो केरसुणीलाच सांगितला.

श्रावणात ती गेली. हिरव्या शाईची वही घेऊन,
त्यात कुठंतरी समक्का लिहिलेलं आहे.

आता जेवताना सासूबाई कधी सल मागतात, कधी उपु.
प एकच लावतात अजून.
मी डबा सरकवते. सुधारत नाही,
हसत तर नाहीच.

खोटं कशाला बोलू, एकदा हसले.
सांबार निवडता निवडता.