उष्टी वाफ

चिबातूच्या शेडमध्ये पहिल्या दिवशी
ओदांग फिटरने माझ्या हातात चिंध्यांचा बोळा दिला
आणि म्हणाला, हिला पोटं दोन, चूल एकच.

मागच्या सिलिंडरांत वाफ ताजी, कडक,
बॉयलरमधून थेट उतरलेली.
तिचं काम झालं तरी तिला सुट्टी नाही.
पोटाखालच्या नळीतून ती पुढे सरकते
आणि पुढचे दोघे तीच उष्टी वाफ खातात.
म्हणून ते आकाराने मोठे.
थकलेल्याला, ओदांग म्हणायचा,
पाय पसरायला जागा लागते.

ती नळी माझ्या वाट्याला आली.
वाकायची, सरकायची, गळायची.
सांध्यात ग्राफाइट चोळलेली दोरी ठासायची,
नट आवळायचे, पण बेतानं.
फार आवळले तर वळणावर रडते,
कमी आवळले तर सपाटीवरही.
ओदांगला तोवर ऐकू येईनासं झालं होतं.
सांध्यापासून वीतभर दूर तळवा धरायचा
आणि सांगायचा : अजून अर्धा आटा.

नाग्रेगच्या चढावर एकदा मला वर घेतलं.
ड्रायव्हर विकार्ता, लवंगेच्या सिगरेटने दात पिवळे.
वळण आलं.
पुढची चाकं डोंगराच्या कुशीत शिरली,
बॉयलर मात्र सरळच निघाला,
नाक दरीवर काढून.
खाली भाताची खाचरं, एक म्हैस,
म्हशीवर बसून हात हलवणारी पोरगी.
मी डोळे मिटले.
विकार्ता म्हणाला, नाक कुठंय ते बघू नकोस.
पाय कुठं आहेत ते विचार.

ओल्या रुळांवर मागचा संच घसरायचा, झपाझप,
आणि पुढच्याच्या ताटात एवढा ढीग पडायचा
की मागच्याचाच श्वास कोंडायचा,
भान यायचं.
पुढचा घसरला तर स्वतःचंच ताट चाटूनपुसून
मुकाट बसायचा.
एका ताटात जेवणाऱ्यांना
असं एकमेकांना आवरता येतं.
नेहमी नाही. मी आणि माझा भाऊ
एका बांधावरून अकरा वर्षं बोललो नाही.

मग डिझेल आलं.
तिला शेवटच्या रुळावर नेऊन उभी केली,
गवत पायऱ्यांपर्यंत चढलं,
कुणीतरी पितळी शिटी उतरवून नेली
आणि कुणीही विचारलं नाही.

बांडुंगहून टॉर्चवाले आले, तिघं, पोरसवदा.
बॉयलरभोवती दोन फेऱ्या मारल्या,
सुरुवात कुठून करावी कळेना.
ओदांगला बोलावलं.
सारोंग सावरत आला, बहिरे बोलतात तसा
ओरडूनच बोलला :
इथून कापा.
इथं ती पहिल्यापासून दोनच आहे.

बिजागरीचा खिळा उपसायला अख्खी दुपार गेली.
माझ्या पोटरीएवढा जाड.
रॉकेलनं पुसला, उन्हात धरला.
गोल असायला हवा होता;
एका अंगाने नखभर खंगलेला.
उतारावरच्या धक्क्यांनी का? मी त्याच्या कानात ओरडलो.
त्याने त्या झिजेवरून अंगठा फिरवला,
पुन्हा एकदा फिरवला,
मान हलवली.
ओढीची बाजू, म्हणाला,
पहिल्यांदाच हळू आवाजात.