चुकीचं उत्तर नसलेला प्रश्न

युस्तीना तांदूळ निवडते आणि मी प्रश्न वाचतो.
पुस्तक तिच्या भाच्याचं, गेल्या खेपेचं.
त्याच्या पेन्सिलीच्या खुणा तिला दिसू नयेत
म्हणून पानावर अंगठा ठेवून.

सगळे कारकून वक्तशीर असतात.
काही वक्तशीर माणसं डावखुरी असतात.
तर मग?
"तर मग काहीच सांगता येत नाही,"
ती खडा अंगणात भिरकावते.
बरोबर.
मी आठवीत शाळा सोडलेला,
माउमेरेच्या धक्क्यावरून मोटरसायकलवर गिऱ्हाईकं नेणारा माणूस.
पण काहीच सांगता येत नाही, हे उत्तर
मला आधीपासून येत होतं.

अकरा वर्षं ती डोंगरातल्या शाळेत शिकवते.
मानधनावर.
मान पोरं देतात, वाटेत भेटली की सायकलवरून उतरून.
धन तीन महिन्यांनी येतं, तेही आलं तर.
नोव्हेंबरात तिला पस्तीस पूर्ण.
मग सरकारी अर्जाचं पान
तिच्यासाठी उघडणारच नाही.

घोडं पेंड खातं ते आकड्यांच्या माळेत.
तीन, सात, पंधरा, एकतीस, पुढे काय?
उत्तरांचं पान नेमकं फाटलेलं.
ती बोटं मोडते, ओठ हलवते, रडकुंडीला येते.
हीच बाई सकाळी चौथीच्या पोरांपुढे
चिंचोके मांडून भागाकार शिकवते,
आणि लोडोविकसला तो आला की
त्याच्यापेक्षा जास्त हसते.

मला आवडतो तो शेवटचा भाग, स्वभावाचा.
त्यात चुकीचं उत्तरच नसतं.
पाच पर्याय. कुणाला एक गुण, कुणाला पाच.
कचेरी बंद व्हायच्या वेळी
लांबच्या गावाहून एक म्हातारी आली. तुम्ही काय कराल?
"आधी पाणी देईन," युस्तीना म्हणाली.
ते पर्यायांत नव्हतं.
आम्ही बराच वेळ पर्याय वाचत बसलो,
पाण्याच्या सगळ्यात जवळचा कोणता ते बघत.

परीक्षेला पांढरा सदरा, काळा स्कर्ट,
अंगावर धातूचा कणही नको.
अंगठी निघेना.
साबण लावला, मग खोबरेल,
मग तिने माझ्या आईला ऐकवता येणार नाही असं काहीतरी म्हटलं
आणि ती निघाली.
सकाळभर मी खिशातली अंगठी चाचपत होतो,
सुटे पैसे शोधणाऱ्या माणसासारखा.

बाहेर मांडवात मोठा पडदा.
आत कुणी एक प्रश्न सोडवला की
बाहेर त्याचं नाव एक पायरी चढतं.
बापे, बाया, तान्ही पोरं, सगळ्यांचे जीव टांगणीला,
भजीवाल्याचा मात्र धंदा तेजीत.
सासू माग सोडून आली होती, चष्मा घरी विसरून.
"कोणती आपली?"
वरून नववी. आता सातवी. अकरावी.
"नंबर नको सांगूस.
धागा बसतोय की सुटतोय, तेवढं सांग."

स्वभावाच्या भागात त्या अख्ख्या पडद्यावर
तिच्या वर कुणी नव्हतं.
आकड्यांच्या भागात, ओलांडायला हवी त्या रेघेच्या
एक प्रश्न अलीकडे
ती थांबली.
मी वाट बघितली. पडदा हलला नाही.
सासूने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

ती बाहेर आली. पडद्याकडे न बघता
हात पुढे केला.
अंगठी साबणाशिवाय बसली.

डोंगराच्या तिसऱ्या वळणावर,
काजूच्या झाडांपाशी,
मागून माझ्या कानाशी आवाज आला, "त्रेसष्ट."
काय?
"दुप्पट करायचं आणि एक मिळवायचा. एवढंच होतं.
सोमवारी पोरांना घालते."
पुढे चढ होता.
मी गियर बदलला.