पान एकशे चौदा

खुर्च्या तीस मांडायच्या की पंधरा,
यातच अर्धा तास गेला.
तीस मांडल्या तर रिकाम्या दिसतात.
पंधरा मांडल्या तर पाहुण्यांना वाटतं,
यांनी आधीच हात टेकले.
शेवटी बावीस.
तारकर सर म्हणाले, कोपऱ्यातली डुगडुगते,
ती कुणा तरुणाला द्या.

वळवईच्या वाचनालयात
महिन्याचा दुसरा शनिवार, लेखक आपल्या भेटीला.
फळ्यावर खडूने मीच लिहिते.
या खेपेला 'शरयू तगारे, कोल्हापूर'.
'त' पुसट आला, तसाच ठेवला.

निवृत्त मास्तर दोघे आले,
एकमेकांशी न बोलणारे.
फेलिसिदाद बाय, जिला मराठी वाचता येत नाही,
पण ऐकायला आवडतं,
पंख्याखालची जागा तिची.
बी.एड.च्या चार मुली, प्रमाणपत्रासाठी.
आणि सोयरू जल्मी,
फेरीबोटीवरचा पात्रांव, आता पेन्शनीत,
जो पुस्तक नेहमी एकच दिवस उशिरा आणतो,
दंडाचा रुपया टेबलावर ठेवतो
आणि पावती मागतो.

बाई छान बोलल्या.
नदी म्हणजे स्मृती, म्हणाल्या.
मुलींनी लिहून घेतलं.
मी किटलीवर हात ठेवून बघत होते,
चहा अजून ऊन आहे का.

मग प्रश्न.
या वेळी खुर्च्या अचानक जास्त रिकाम्या होतात.
एका मास्तरांनी प्रेरणा विचारली.
दुसऱ्यांनी, त्यांनी विचारली म्हणून,
पुन्हा प्रेरणाच विचारली.

सोयरू उठला. पुस्तकात बोट घातलेलं.
"बाये, पान एकशे चौदा.
तुमची फेरी सरळ जाता."
बाई हसल्या. सरळ म्हणजे?
"ह्या धक्क्यार सुटता, त्या धक्क्यार लागता.
तशी ती जायना.
सुकती असली की नाक वर धरायचं.
सुर्लचा धक्का बघायचाच नाही.
त्याच्या वर दोन माड आसात, थंय बघायचं.
उरलेलं पाणी करतं.
एकतीस वर्षं जिथं पोचायचं
तिथं मी कधी तोंड केलं नाही."

पंखा तेवढा बोलत राहिला.
फेलिसिदाद म्हणाली, आमच्या वेळेर होडी आशिल्ली,
ती पण वाकडीच जायची,
पण माड तीन होते.
दोन, सोयरू म्हणाला.
तीन.

बाईंनी पुस्तक मागून घेतलं,
माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलली
आणि माझ्याकडे बघितलं. लिहू?

माझ्या मागच्या भिंतीवर पाटी:
पुस्तकात लिहिल्यास दंड.
अक्षर माझंच.
एकोणीस वर्षं मी खोडत आले आहे,
अधोरेखा, 'वा!', फोन नंबर,
कुणाच्या तरी किराण्याचा हिशेब,
एकदा एक बदाम, त्यात दोन आद्याक्षरं,
जी खोडताना मला कळलं कोण ते.
माझ्या ड्रॉवरमध्ये खोडरबराचा चुरा
कधी संपत नाही.

तारकर सरांकडे न बघता मी हो म्हटलं.

बाईंनी विचारून विचारून लिहिलं,
सुकती, ऱ्हस्व की दीर्घ?
सोयरू म्हणाला, आम्ही लिहीत नाही, बोलतो.

बन्स उरले. मुली घेऊन गेल्या.
बाईंना पलीकडे जायचं होतं,
मी धक्क्यापर्यंत सोडायला गेले.
बोट सुटली आणि भलतीकडेच निघाली,
वर, काळोखाकडे.
दिवे तिरके तिरके सरकत राहिले,
मी उभी.
घर इथून चार पावलांवर,
आणि मी हे कधी बघितलंच नव्हतं.
माड मात्र अंधारात मोजता आले नाहीत.

मंगळवारी सोयरूने पुस्तक आणलं.
एक दिवस उशीर, एक रुपया.
पावती फाडली.
मग रजिस्टर काढून
शेऱ्याच्या रकान्यात, शाईने:
पान ११४, समासात पेन्सिल.
खोडू नये.