तपकीर गल्ली, दुसरा मजला

घाटपांडे लेन्स घेऊन आले
तान्हं मूल धरावं तशी, दोन्ही हातांत.
दीड लाखाची आहे, म्हणाले,
पण हिच्यात काहीतरी कमी पडतंय.
मी दिव्याखाली धरली.
काच निर्मळ. मोटर मांजरीच्या पावलांची.
मग त्यांनी फोटो दाखवले:
सिंहगडावरची पहाट, पाषाणच्या तळ्यावरचा खंड्या,
कोथिंबिरीच्या जुडीवरचा थेंब.
सगळं होतं तिथे. खंड्याचं पीस न् पीस मोजून घ्या.
काय कमी पडतंय ते मला कळलं,
पण तिथवर माझा स्क्रूड्रायव्हर पोचत नाही.
"साफ केली," म्हटलं.
साडेतीनशे घेतले.

त्याच आठवड्यात शिकलगारांची मुमताज आली.
तिचे आजोबा सायकलच्या चाकावर
सुऱ्या-कात्र्यांना धार लावत फिरायचे, नाना पेठ, रास्ता पेठ.
हिचा कॅमेरा हिच्याहून चार-पाच वर्षांनीच लहान,
बॅटरीच्या झाकणाला केसांचं रबर.
"काका, शटर अडकतंय."
अडकणारच. आत भुसारातली धूळ, डाळीचं पीठ.
तपासताना कार्डावरचे फोटो पाहिले.
मार्केट यार्डातला गुळाचा गाळा, दुपार.
भेलींच्या थप्पीला टेकून एक हमाल झोपलाय,
त्याच्या मिटल्या ओठांवर गांधीलमाशी,
आणि शेजारचा हात उचलून थांबलाय,
मारू की नको.
वरचा कोपरा उन्हाने पांढराफटक जळालेला.
मी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
"किती वेळ थांबलीस?"
"तो तिसरा दिवस होता."

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं.
खाली चहाच्या टपरीवर सगळे हेच म्हणतात,
सुगरणीला कढईची किंमत विचारतं का कोणी?
मीही मान डोलावतो, बशी पुसतो.

पण अठ्ठ्याऐंशी साली, ससूनच्या वॉर्डात,
रात्री अकराला माझा धाकटा भाऊ उठून बसला.
आठ दिवसांत पहिल्यांदा हसला. म्हणाला,
"दादा, काढ की एक."
फ्लॅशला सिस्टरची मनाई.
हात तेव्हा माझा दगडासारखा स्थिर होता.
कोपर कुठे टेकवायचं, श्वास कधी सोडायचा,
सगळं येत होतं मला. सगळं.
नव्हता तो उजेड.
लक्ष्मी रोडवरच्या एका शोकेसमध्ये होती
वन-पॉइंट-फोरची, अंधारात बघणारी काच.
माझे सहा पगार.
येता-जाता थांबून बघायचो.

तो फोटो आहे माझ्याकडे.
पलंगाचा लोखंडी गज दिसतो, खिडकीतला बल्ब दिसतो,
वसंताच्या जागी राखेची फुंकर.
यात तो हसतोय,
हे प्रत्येकाला मलाच सांगावं लागतं.

म्हणून घाटपांड्यांना मी हसत नाही.
लोक उगाच नाही पैसे साठवत.

मुमताजचं शटर संध्याकाळी सुटलं.
खालच्या कप्प्यात एक काच होती,
बारा वर्षांपूर्वी कोणी दुरुस्तीला टाकलेली,
पावती हरवलेली, मालक परत न आलेला.
मी दर जूनमध्ये तिची बुरशी पुसतो,
का, ते बायकोला अजून सांगता आलेलं नाही.
तीच तिच्या कॅमेऱ्यावर फिरवून बसवली. टक्.
वहीत लिहिलं: शिकलगार, लेन्स एक.
पुढचा रकाना तसाच ठेवला.

तिने दाराशी उभं राहून गल्लीकडे रोखली.
दिवे लागायचे होते.
"काका, मागचं सगळं विरघळतंय हिच्यात!"
"विरघळू दे. पुढे माणूस आहे ना, ते बघ.
आणि ते रबर काढ आधी,
खाली चिकटपट्टी मिळते, दहा रुपयाला."